युन्नानमधील कच्चा पु-अर चहा : स्वरूप, साठवण आणि सिद्धतेची पद्धती

गोषवारा

चीनच्या युन्नान प्रांतात तयार होणारा कच्चा पु-अर चहा हा उच्च प्रतीचा व साठवणुकीसाठी प्रसिद्ध असलेला चहा आहे. त्याचे वर्गीकरण, निर्मिती, साठवण आणि पेयसिद्धता यांचा परस्परसंबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे. हा चहा कारखान्यातून बाहेर पडताना हेतुपुरस्सर अपूर्ण ठेवलेला असतो. त्याची पुढील घडण साठवणाऱ्याच्या आणि चहा करणाऱ्याच्या हाती असते. त्यामुळे वेष्टनावरील नाव, वर्ष किंवा किंमत यांपेक्षा काळजीपूर्वक केलेली सिद्धता हेच त्याच्या परीक्षणाचे अधिक विश्वसनीय साधन ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पु-अर चहा, युन्नान, किण्वन, साठवण, खेप, तुरटपणा.

प्रस्तावना

चहा हे भारतीयांच्या नित्य परिचयाचे पेय असले तरी त्याविषयीची सर्वसामान्य कल्पना एका विशिष्ट प्रकारापुरती मर्यादित आहे. दाणेदार चहा, दूध, साखर आणि उकळी या चार गोष्टींनी आपल्याकडील चहा सिद्ध होतो. त्यात ताजेपणा हा गुण मानला जातो आणि जुना चहा उतरलेला समजला जातो. कच्चा पु-अर चहा या दोन्ही समजुतींना छेद देतो. तो दाबून चकत्यांच्या रूपात ठेवला जातो, वर्षानुवर्षे मुरवला जातो आणि दुधाविना, अवघ्या काही सेकंदांच्या भिजवणीने प्यायला जातो.

या चहाभोवती मोठा व्यापारही उभा राहिला आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची खरेदी गुंतवणूक म्हणून होऊ लागली, भाव भराभर चढले आणि २००७ मध्ये बाजार कोसळला. ज्यांनी केवळ नाव व वर्ष पाहून माल साठवला होता, त्यांना या घसरणीची मोठी झळ बसली. अशा वेळी या चहाचे खरे स्वरूप कशात आहे आणि ते ओळखावे कसे, हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही. तो वस्तूच्या मूल्यनिर्धारणाचा प्रश्न होतो.

१. वर्गीकरणाचा प्रश्न

चीनमध्ये चहाचे हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग, लाल आणि गडद असे सहा वर्ग मानले जातात. भारतात ज्याला काळा चहा म्हणतात, त्याला चीनमध्ये लाल चहा म्हणतात. चिनी गडद चहा हा त्याहून वेगळा आहे. या षड्विध वर्गीकरणाची शास्त्रीय मांडणी चहाशास्त्रज्ञ छन छुआन यांनी १९७९ मध्ये केली. पानावरील प्रक्रिया आणि त्यामुळे पानातील पॉलिफेनॉल द्रव्यांत होणारा बदल, हा तिचा आधार होय. ज्या चहात सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने उत्तरकिण्वन घडते, तो गडद चहा.

पु-अर चहाचे दोन प्रकार आहेत. चिनी भाषेत त्यांना 'शंग' म्हणजे कच्चा आणि 'शू' म्हणजे पक्व असे म्हणतात. पक्व प्रकारात ओलसर केलेल्या पानांचे ढीग रचून काही आठवड्यांत किण्वन घडवून आणले जाते. 'वोदुई' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती १९७३ च्या सुमारास कुन्मिंग येथील चहा कारखान्यात विकसित झाली. दीर्घ साठवणीने येणारा गडद रंग व मऊ चव थोड्या अवधीत मिळवणे, हा तिचा हेतू होता. पक्व पु-अर हा गडद चहाच्या व्याख्येत सहज बसतो.

कच्च्या पु-अरची गोष्ट वेगळी आहे. नव्या कच्च्या चहात उत्तरकिण्वन जवळजवळ झालेलेच नसते. त्याचा रंग पिवळसर हिरवा असतो आणि चव हिरव्या चहाच्या जवळची, परंतु अधिक कडू व तुरट असते. म्हणून काही अभ्यासक त्याला हिरव्या चहाच्या वर्गात घालतात. वीसतीस वर्षे मुरलेला तोच चहा मात्र तांबूस तपकिरी, मृदू आणि गडद चहाच्या लक्षणांनी युक्त होतो. म्हणजे एकच वस्तू आपल्या आयुष्यात एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे सरकत जाते. तिचे वर्गीकरण करताना काळ हा घटक वगळता येत नाही.

२००८ च्या चिनी राष्ट्रीय मानकाने (क्रमांक २२१११) पु-अर चहाला भौगोलिक निर्देशांकित उत्पादन म्हणून निश्चित व्याख्या दिली. युन्नानमधील ठरावीक क्षेत्रातील मोठ्या पानाच्या वाणापासून बनवलेल्या, उन्हात वाळवलेल्या चहावर त्याच क्षेत्रात प्रक्रिया झाली असेल, तरच त्यास हे नाव लावता येते. या मानकानुसार कच्च्या चहात पॉलिफेनॉलचे प्रमाण किमान २८ टक्के, तर पक्व चहात जास्तीत जास्त १५ टक्के असावे लागते. हा फरक बोलका आहे. पॉलिफेनॉल हेच तुरटपणाचे आणि पुढील परिवर्तनाचे भांडवल होय. पक्व चहात त्याचा बराचसा भाग आधीच खर्ची पडलेला असतो, तर कच्च्या चहात तो राखून ठेवलेला असतो.

२. पान आणि प्रदेश

हा चहा कॅमेलिया सायनेन्सिस या वनस्पतीच्या आसामिका या उपप्रकारापासून होतो. आसामातील चहाही याच उपप्रकाराचा असल्याने भारतीय वाचकास हे पान परके नाही. तथापि युन्नान व आसाम येथील लागवडी परस्परांपासून स्वतंत्रपणे विकसित झाल्या असाव्यात, असे जनुकीय अभ्यासांतून सूचित झाले आहे. मोठे पान आणि पॉलिफेनॉलचे विपुल प्रमाण ही दोन्हीकडील समान लक्षणे होत. आसामात ते पान पूर्णपणे ऑक्सिडीकृत करून लगेच पिण्याजोगा कडक चहा बनवला जातो. युन्नानमध्ये तेच सामर्थ्य पुढील काळासाठी जपले जाते.

पु-अर हे नाव मुळात बाजारपेठेचे आहे. १७२९ मध्ये छिंग राजवटीने पु-अर येथे प्रशासकीय केंद्र स्थापन केले आणि आसपासच्या डोंगरांतील चहा तेथील नावाने ओळखला जाऊ लागला. येमेनमधील मोखा बंदराचे नाव जसे कॉफीला चिकटले, तसाच हा प्रकार आहे. ईवूसह प्रसिद्ध जुने सहा चहाडोंगर आजच्या शीश्वांगबान्ना विभागात, लानछांग म्हणजेच मेकाँग नदीच्या पूर्वेस आहेत. नदीच्या पश्चिमेस नान्नुओ, बुलांग, चिंगमाय हे डोंगर, तर उत्तरेकडे लिनछांगचा प्रदेश येतो. पूर्वी सीमाओ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराला २००७ मध्ये पु-अर हे नाव देण्यात आले.

या डोंगरांवर बुलांग, दाई, हानी, जिनुओ, लाहू इत्यादी समाजांनी पिढ्यान् पिढ्या चहाची झाडे राखली आहेत. चिंगमाय डोंगरावरील प्राचीन चहावनांचा २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे चहा मोठ्या वृक्षांच्या सावलीत, मिश्र वनात वाढतो. अशा जुन्या झाडांचे पान आणि दाट ओळींत लावलेल्या नव्या मळ्यांतील पान यांच्या किमतींत मोठी तफावत असते. बुलांग डोंगरातील लाओबानचांग या एका गावाच्या चहाला इतका भाव मिळतो की त्या नावाने नकली मालाचा सुळसुळाट झाला आहे. अतिरिक्त मागणीमुळे जुन्या झाडांची वाजवीपेक्षा अधिक तोडणी होण्याचा धोकाही निर्माण झाला आहे. म्हणजे नावाच्या मागे धावण्याची किंमत केवळ ग्राहकाला नव्हे, तर झाडालाही मोजावी लागते.

३. निर्मिती : राखून ठेवलेली अपूर्णता

खुडलेले पान प्रथम पसरून थोडे कोमेजू दिले जाते. त्यानंतर ते मोठ्या कढईत हलवत परतले जाते. या क्रियेने पानातील विकरे बऱ्याच अंशी निष्क्रिय होतात आणि ऑक्सिडीकरणाला आळा बसतो. मग पान हाताने अथवा यंत्राने वळले जाते, जेणेकरून पेशी फुटून रस पृष्ठभागावर येतो. शेवटी ते उन्हात वाळवले जाते. या अवस्थेतील सुट्या चहाला 'माओछा' म्हणजे कच्चा माल म्हणतात.

या क्रमातील उन्हात वाळवणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी होय. हिरवा चहा बहुधा उष्ण हवेत किंवा कढईत जलद वाळवतात. त्यामुळे त्याला तत्काळ भाजका सुगंध येतो व पुढील बदल थांबतात. कच्च्या पु-अरच्या बाबतीत कढईतील उष्णता तुलनेने संयत ठेवली जाते आणि वाळवण सावकाश होते. त्यामुळे काही विकरक्रिया शिल्लक राहते आणि पुढील परिवर्तनाला वाव राहतो. अलीकडे काही उत्पादक लगेच आवडेल असा सुगंध यावा म्हणून अधिक तापमान वापरतात. असा चहा पहिल्या वर्षी मोहक वाटतो, परंतु मुरण्याची त्याची क्षमता घटलेली असते.

माओछा वाफेवर मऊ करून कापडी पिशवीत भरतात आणि दगडी अथवा यांत्रिक दाबाने त्याची चकती, वीट किंवा वाटीच्या आकाराचा गोळा बनवतात. दूरच्या, विशेषतः तिबेटच्या व्यापारात खेचरांच्या पाठीवरून माल नेण्यास हे आकार सोयीचे होते. १७३५ च्या नियमानुसार सात चकत्यांचा एक जुडगा आणि त्याचे वजन ४९ लिआंग ठरवण्यात आले होते. आजही सात चकत्या बांबूच्या पापुद्र्यात बांधतात. प्रचलित चकती ३५७ ग्रॅमची असल्याने सात चकत्या मिळून जवळपास अडीच किलोग्रॅम होतात.

वेष्टनावरील आकड्यांविषयी एक गैरसमज आढळतो. उदाहरणार्थ, '७५४२' या प्रसिद्ध क्रमांकातील ७५ हा आकडा त्या मिश्रणाची कृती १९७५ मधील असल्याचे दर्शवतो, ४ हा पानाची प्रत आणि २ हा मंगहाय कारखाना दर्शवतो. चकती कोणत्या वर्षी दाबली, हे त्यातून कळत नाही. क्रमांकालाच निर्मितीवर्ष समजणारा ग्राहक सहज फसू शकतो.

४. साठवण

मराठीत लोणचे, मुरंबा यांसाठी 'मुरणे' हे क्रियापद वापरले जाते. कच्च्या पु-अरच्या बाबतीतही तोच शब्द यथार्थ ठरतो. साठवणीत मंद ऑक्सिडीकरण आणि सूक्ष्मजीवांची क्रिया यांमुळे कॅटेचिनसारखी तुरट द्रव्ये घटतात आणि त्यांच्या संयोगातून गडद रंगाची, मृदू चवीची संयुगे तयार होतात. पेयाचा रंग पिवळ्याकडून नारिंगीकडे व पुढे तांबूस तपकिरीकडे जातो. कोवळ्या पानाचा, फुलांचा गंध मागे पडून लाकूड, सुकी फळे, कापूर अशा गंधांचा भास होऊ लागतो.

या बदलाचा वेग हवामानावर अवलंबून असतो. हाँगकाँग व ग्वांगदोंगसारख्या उष्ण, दमट प्रदेशांत चहा लवकर मुरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवरील, तुलनेने कोरड्या कुन्मिंगमध्ये तो सावकाश बदलतो व त्याचा सुगंध अधिक टिकतो. म्हणून एकाच वर्षाच्या, एकाच साच्यातील दोन चकत्या वीस वर्षांनंतर परस्परांहून अगदी भिन्न लागू शकतात. चहाचे वय वर्षांत मोजणे पुरेसे नसते. ती वर्षे कोठे गेली, हेही विचारावे लागते.

साधारणतः ६० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता, स्थिर तापमान, अंधार आणि परक्या वासांचा अभाव ही साठवणीची योग्य परिस्थिती मानली जाते. आर्द्रता दीर्घकाळ याहून बरीच अधिक राहिल्यास बुरशी धरते. कोकणपट्टीतील पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या चकतीला हा धोका संभवतो, तर दख्खनच्या पठारावरील उन्हाळ्यात चहा फार कोरडा पडून त्याचे मुरणे मंदावते. चहा वास चटकन शोषून घेतो, म्हणून मसाले, धूप अथवा डांबराच्या गोळ्या यांच्या सान्निध्यात तो ठेवू नये. 'जितका जुना तितका चांगला' हा समज अर्धसत्य आहे. मुळात सकस नसलेले पान काळाने सुधारत नाही आणि चांगले पानही वाईट साठवणीने बिघडते.

५. पेयसिद्धता

चकतीचा तुकडा हाताने मोडू नये. कडेने पातळ, बोथट सुरी किंवा सळई थरांमध्ये सरकवून पाने शक्य तितकी अखंड सोडवावीत. पानाचा चुरा झाल्यास त्यातील द्रव्ये एकदम पाण्यात उतरतात आणि पेय कडू होते.

'गायवान' म्हणजे बशी व झाकणासह असलेला चिनीमातीचा पेला या कामी सर्वांत उपयुक्त होय. चिनीमाती गंध वा चव शोषत नाही, त्यामुळे चहाचे गुणदोष आहेत तसे प्रकट होतात. यीशिंगच्या सच्छिद्र मातीच्या किटल्या कडा मृदू करतात. म्हणून त्या आस्वादासाठी चांगल्या, परंतु परीक्षणासाठी कमी योग्य ठरतात.

सुमारे ११० मिलिलिटरच्या गायवानात ७ ग्रॅम चहा हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य ठरते. पाणी उकळते असावे. अगदी कोवळ्या, नव्या चहासाठी ते ९० ते ९५ अंश सेल्सियसपर्यंत उतरू दिले तरी चालते. पाणी फार कठीण असल्यास पेयावर साय धरते व चव मंदावते. म्हणून विंधनविहिरीच्या पाण्यापेक्षा कमी क्षारांचे पाणी घ्यावे. भांडे गरम करून पाने घालावीत, उकळते पाणी ओतून ते लगेच टाकून द्यावे. या धुण्याने धूळ जाते आणि दाबलेली पाने सैल होतात. त्यानंतरची पहिली खेप ५ ते १० सेकंदांत गाळून घ्यावी. पुढील दोनतीन खेपाही तितक्याच अल्प ठेवाव्यात आणि नंतर प्रत्येक वेळी काही सेकंद वाढवत जावे. चांगला चहा दहा ते पंधरा खेपा सहज देतो.

या पद्धतीमागील कारणे समजून घेणे आवश्यक आहे. चहापरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा व ६ मिनिटे असे प्रमाण आहे. त्या तुलनेत येथे पान तिपटीहून अधिक आणि वेळ अत्यल्प असतो. कॅफीन व सहज विरघळणारी द्रव्ये आरंभीच्या खेपांत उतरतात. तुरट कॅटेचिने उष्णता व वेळ यांच्या वाढीबरोबर अधिकाधिक येतात. वेळ तोडून घेतल्याने कोणतेही एक द्रव्य इतरांवर मात करत नाही आणि पान टप्प्याटप्प्याने उलगडत जाते. ही पद्धती उधळपट्टीची वाटते, परंतु तसे नाही. ७ ग्रॅमच्या दहा खेपांतून सुमारे एक लिटर पेय मिळते. आंतरराष्ट्रीय प्रमाणाने तेवढ्याच पेयास २० ग्रॅम पान लागले असते.

दुधाचा प्रश्नही येथे उद्भवतो. दुधातील केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलशी बांधले जाते व तुरटपणा झाकला जातो. कडक दाणेदार चहाच्या बाबतीत ते इष्ट असते. कच्च्या पु-अरमध्ये मात्र तुरटपणाचे पुढे काय होते, हेच पाहावयाचे असते. म्हणून त्यात दूध वर्ज्य मानले जाते.

६. चवीचे वाचन

कच्च्या पु-अरमध्ये कडू व तुरट हे दोष नसून आरंभबिंदू होत. ते तोंडात अडून राहतात की विरघळून जातात, यावर चहाची प्रत ठरते. उत्तम चहात कडवटपणा ओसरल्यावर जिभेच्या मुळाशी व घशात गोडवा परततो. त्यास चिनी भाषेत 'हुईगान' म्हणतात. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यास जो गोडवा जाणवतो, त्या अनुभवावरून मराठी वाचकास याची यथार्थ कल्पना येईल. त्याच वेळी तोंडाला पाणी सुटते आणि पेय सौम्य असूनही भरीव लागते. निकृष्ट चहात तुरटपणा जिभेवर कोरड्या पापुद्र्यासारखा बसतो आणि चौथ्या-पाचव्या खेपेनंतर केवळ रंग उरतो.

परीक्षणासाठी उलट युक्ती करता येते. चीनमधील चवपरीक्षणात ३ ग्रॅम चहास १५० मिलिलिटर उकळते पाणी आणि काही मिनिटांची भिजवण असे प्रमाण रूढ आहे. एरवी कौशल्याने झाकले जाणारे दोष, उदाहरणार्थ करपटपणा, धुराचा वास, ओलसर गोदामाचा कुबट गंध, या पद्धतीत लपत नाहीत. शेवटी भिजलेली पाने पाहावीत. ती लवचीक, अखंड व सारख्या रंगाची असतील तर निर्मिती व साठवण दोन्ही चांगली झाली, असे अनुमान करता येते. काळी, कडक, न उलगडणारी पाने अतिउष्णतेची किंवा सदोष साठवणीची शंका उत्पन्न करतात.

या परीक्षणाच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. चवीवरून चहाचे नेमके वर्ष किंवा नेमके गाव सिद्ध करता येत नाही. मात्र दमट गोदामात घाईने जुना केलेला चहा आणि सावकाश मुरलेला चहा यांतील भेद सवयीने ओळखता येतो. आरोग्यविषयक दाव्यांबाबतही संयम हवा. वजन घटवणे, कोलेस्टेरॉल उतरवणे इत्यादी दावे जाहिरातीत जितक्या ठामपणे केले जातात, तितका भक्कम मानवी पुरावा त्यांच्यामागे नाही. नवा कच्चा चहा रिकाम्या पोटी घेतल्यास काहींना जळजळ होते आणि त्यातील कॅफीनमुळे रात्री झोप लांबते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की कच्चा पु-अर ही कारखान्यात पूर्णत्वास गेलेली वस्तू नाही. पान, कढई व ऊन यांनी तिचा पाया घातला जातो, साठवण तिला घडवते आणि पाण्याशी गाठ पडल्यावर तिचा इतिहास उघड होतो. त्यामुळे तिच्या मूल्याचा प्रश्न वेष्टन वाचून सुटत नाही. गावाचे नाव, मिश्रणाचा क्रमांक, वर्ष आणि किंमत या सर्व साक्षी होत. त्यांची शहानिशा पेल्यातच करावी लागते. २००७ च्या घसरणीनेही हेच दाखवून दिले. न चाखता साठवलेल्या मालाचे मोल बाजाराच्या लहरीवर टांगलेले राहिले, तर ज्यांनी चाखून पारखून निवड केली त्यांच्याजवळ भाव उतरल्यावरही पिण्याजोगा चहा उरला.